मामांच्या पेटीतल्या ४५ फेऱ्यांच्या तबकड्या: सोल आणि रिदम अँड ब्लूजमधील आपली आवडती सिंगल कोणती?

चरईकर (ठाणे) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

माझे मोठे मामा १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे मालवाहू बोटीवर नोकरीला होते आणि अमेरिकेच्या बंदरात बोट लागली की हाती असलेल्या थोड्या डॉलरांतून ते इतर काही न घेता सात इंची तबकड्या (सिंगल: मिनिटाला ४५ फेरे, प्रत्येक बाजूस एक गाणे) विकत घेत. त्यांची नौपाड्यातील जुनी इमारत आता पुनर्विकासासाठी रिकामी झाली आणि त्या तबकड्यांची लाकडी पेटी माझ्याकडे आली. एकूण ४३ तबकड्या आहेत. प्रत्येकीच्या कागदी पाकिटावर मामांच्या वळणदार अक्षरात पेन्सिलीने बंदराचे नाव लिहिलेले आहे. बहुतेक सगळ्या सोल आणि रिदम अँड ब्लूज या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकारांतील आहेत: ओटिस रेडिंग, अरीथा फ्रँकलिन, रे चार्ल्स, सॅम कुक, एटा जेम्स, टेम्प्टेशन्स, बुकर टी. अँड द एमजीज. एटा जेम्स यांच्या एका तबकडीचे नाव ‘टेल मामा’ असे आहे आणि लहानपणी आम्हा भावंडांना ते गाणे आमच्या मामांविषयीच असावे असे खरोखर वाटत असे.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की, या संगीताचा जाणतेपणाने संग्रह करणाऱ्यांना यांतील कोणत्या तबकड्या विशेष मोलाच्या वाटतात आणि का वाटतात? किंमत जाणून घेण्याची मला इच्छा नाही, कारण यांतील एकही विकायची नाही. कान कुठे द्यावा, एवढेच समजून घ्यायचे आहे.

दुसरा प्रश्न जरा विचित्र आहे. पेटीबरोबर मामांचा सुटकेससारखा बंद होणारा अमेरिकन रेकॉर्ड प्लेयरही आला आहे. तो ११० व्होल्टचा असल्यामुळे मामांनी त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवून घेतला होता आणि तो आजही चालतो. त्यावर ओटिस रेडिंग यांचे ‘डॉक ऑफ द बे’ लावले की आवाज भारदस्त, संथ, जरासा थकलेला येतो. तेच गाणे मी मोबाइलवर लावले, तर आवाज वरच्या पट्टीत आणि चाल जलद. माझी ७८ वर्षांची आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, मोबाइलवरचे गाणे ऐकून म्हणाली, ‘हे कोणीतरी पळवलंय, दादाचं गाणं असं नव्हतं.’ तबकडीवर या गाण्याचे वेगळे ध्वनिमुद्रण होते काय?

वाशी सेक्टर १७ यांचा प्रतिसाद

चरईकर, आपल्या मामांची निवड पाहून मन भरून आले. मी पंचेचाळीस वर्षे या तबकड्या जमवतो आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देण्याची मुभा घेतो. दुसऱ्याचे उत्तर जाणकार देतीलच.

या संगीताकडे पाहताना सिंगल ही स्वतंत्र वस्तू आहे हे आधी मनात ठसवावे. ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आरसीए व्हिक्टर कंपनीने १९४९ मध्ये बाजारात आणली, आणि त्याच वर्षी ‘बिलबोर्ड’ या व्यवसाय-साप्ताहिकाने कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीचे ‘रेस रेकॉर्ड्स’ हे जुने, अपमानकारक नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ असे केले. तबकडी आणि नाव दोन्ही एकाच वर्षी जन्मली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे एकमेकांच्या सोबतीने वाढली. गायक, वादक, निर्माता या सर्वांच्या डोळ्यांसमोर अनेक गाण्यांची मोठी तबकडी (एलपी) नसे. ज्यूकबॉक्समध्ये (नाणे टाकून गाणे वाजवण्याच्या यंत्रात) आणि मोटारीतल्या रेडिओवर तीन मिनिटांच्या आत माणसाला थांबवून ठेवील असे एक गाणे, एवढेच त्यांचे लक्ष्य असे. दीर्घ तबकडीत पुष्कळदा हीच गाणी मागाहून गोळा केलेली असत. म्हणून हे संगीत सिंगलवर ऐकणे म्हणजे ते ज्या मापाने शिवले त्याच मापात पाहणे होय.

आता माझी शिफारस: पेटीतली प्रत्येक तबकडी उलटी करून आधी दुसरी बाजू ऐका. पहिल्या बाजूवर कंपनीला जे विकायचे होते ते असे, दुसऱ्या बाजूवर बहुधा भरतीचे गाणे टाकले जाई, आणि त्या भरतीतच कित्येकदा सोने सापडले आहे.

बुकर टी. अँड द एमजीज यांची ‘ग्रीन अनियन्स’ ही वाद्यरचना घ्या. १९६२ मध्ये मेम्फिस येथील स्टॅक्स स्टुडिओत ही मंडळी एका गायकाच्या ध्वनिमुद्रणासाठी जमली होती. ते काम जमले नाही, तेव्हा उरलेल्या वेळात त्यांनी आपल्यासाठी वाजवले. बुकर टी. जोन्स तेव्हा सतरा वर्षांचे होते. ‘बिहेव युअरसेल्फ’ ही रचना पहिल्या बाजूला ठेवून ‘ग्रीन अनियन्स’ दुसऱ्या बाजूला टाकली गेली, आणि लोकांनी दुसरीच बाजू उचलून धरल्यावर कंपनीला ती पहिल्या बाजूवर घेऊन पुन्हा छापावी लागली. आपली प्रत व्होल्ट या, स्टॅक्सच्याच दुसऱ्या लेबलची असेल तर ती पहिल्या छपाईतील आहे, स्टॅक्स लेबलची असेल तर नंतरची. हा स्टुडिओ म्हणजे एक जुने चित्रपटगृह होते आणि त्याची उतरती जमीन तशीच ठेवलेली होती. त्या मोठ्या, उताराच्या खोलीची हवा स्टॅक्सच्या सगळ्याच तबकड्यांत ऐकू येते.

आपल्या ‘टेल मामा’च्या मागे १९६७ चे ‘आय’ड रॅदर गो ब्लाइंड’ आहे. हे अलाबामातील मसल शोल्स गावच्या फेम स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले. पहिली बाजू नाचायला लावते. दुसरीत एक बाई आपल्या प्रियकराला दुसरीशी बोलताना पाहते आणि त्यापेक्षा दृष्टी गेलेली बरी असे म्हणते. फक्त दोनच स्वरसंवाद (कॉर्ड) आलटून पालटून येत राहतात आणि तरीही गाणे एका जागी थांबल्यासारखे वाटत नाही. माझ्या मते एटा जेम्स यांनी यापेक्षा मोठे काही गायलेले नाही.

सॅम कुक यांची ‘शेक’ आपल्याकडे असेल, तर मागील बाजूस ‘अ चेंज इज गॉना कम’ असेल. लुइझियानातील श्रीवपोर्ट येथे १९६३ मध्ये एका मोटेलने कुक यांना वर्णामुळे जागा नाकारली, त्या अपमानाचा या गाण्याशी जवळचा संबंध आहे. १९६४ च्या जानेवारीत ते ध्वनिमुद्रित झाले, ११ डिसेंबरला कुक गोळी लागून वारले आणि त्यानंतर काही दिवसांतच ही सिंगल बाजारात आली. सिंगलवर या गाण्याचे एक कडवे गाळलेले आहे, नेमके तेच, ज्यात चित्रपट पाहायला आणि शहरात जाणाऱ्या माणसाला इथे घोटाळू नकोस असे बजावले जाते. मोठ्या तबकडीवर ते कडवे आहे. म्हणून हे एकच गाणे असे आहे की जे मी सिंगलवर अपुरे मानतो, आणि तरीही त्या अपुरेपणासाठीच ती तबकडी जपून ठेवली आहे: रेडिओसाठी काय कापले गेले, याचा तो पुरावा आहे.

पेटीत नसेल तर एक मिळवा. बिल विदर्स यांचे १९७१ चे ‘एन्ट नो सनशाइन’. तेही आधी ‘हार्लेम’ या गाण्याच्या मागे दडलेले होते आणि रेडिओवरील निवेदकांनी तबकडी उलटवून ते लावायला सुरुवात केली.

कळवा खाडीकाठ यांचा प्रतिसाद

वाशीकर काकांचे दुसऱ्या बाजूविषयीचे म्हणणे मला पटते, परंतु स्टॅक्स आणि दक्षिणेकडील संगीताच्या प्रेमापोटी डेट्रॉइटकडे दुर्लक्ष होऊ नये असे वाटते. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन जी कंपनी काढली, तिचीच पुढे मोटाउन झाली. टेम्प्टेशन्सचे ‘माय गर्ल’ १९६४ च्या डिसेंबरात आले. सुरुवातीला जेम्स जेमर्सन यांची बास गिटार एकटी चालू लागते, मग गिटारचे चढते सूर, मग चुटकी, आणि मग डेव्हिड रफिन यांचा आवाज. एकेक माणूस दारातून आत यावा तसे ते गाणे भरत जाते. मोटाउनमध्ये ध्वनीचे मिश्रण मोटारीतल्या रेडिओसारख्या लहान स्पीकरवर वाजवून पारखले जाई, म्हणून मामांच्या त्या छोट्या प्लेयरवर हीच तबकडी सर्वांत खुलेल. एवढेच सांगायचे होते.

नेरूळची गायिका यांचा प्रतिसाद

चरईकर, मी ख्यालगायन शिकते आणि शिकवते, त्यामुळे आपला दुसरा प्रश्न वाचून मला स्वस्थ बसवेना. ‘डॉक ऑफ द बे’चे मूळ ध्वनिमुद्रण पांढरी पाचमध्ये (हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी षड्ज धरून) आहे. कृपया घरातल्या हार्मोनियमवर किंवा मोबाइलवरील तंबोऱ्यावर पडताळून पाहा. मामांच्या प्लेयरवर ते पांढरी तीनमध्ये येत असेल, तर षड्ज कोमल गंधाराइतक्या अंतराने खाली सरकला आहे. दुसरे ध्वनिमुद्रण असते तर पट्टी बदलली तरी लय बदललीच पाहिजे असे नाही. पट्टी आणि लय दोन्ही एकाच प्रमाणात उतरली असतील, तर दोष फिरण्याच्या वेगात आहे.

पहिल्या प्रश्नावर मला रे चार्ल्स यांच्याविषयी लिहायचे आहे. हे संगीत ऐकताना आपल्याला कीर्तनाची परंपरा फार उपयोगी पडते. बुवा एक चरण म्हणतात, मागचे टाळकरी तो उचलतात, बुवा त्यावर आणखी चढवतात, आणि हळूहळू मंडप एका श्वासात येतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गॉस्पेल गायन याच अंगाने चालते. रे चार्ल्स यांनी १९५४ च्या ‘आय गॉट अ वुमन’मध्ये भक्तिगीताची ती चाल आणि तो आवेश घेतला आणि देवाच्या जागी स्त्री ठेवली. अभंगाच्या चालीवर, त्याच टाळांच्या गजरात कोणी शृंगारिक लावणी म्हणावी, तसा तो धक्का होता. पुष्कळ भाविक दुखावले गेले, आणि त्यांचे दुखावणे मला समजू शकते. पण सोल या प्रकाराचा पाया तिथेच पडला.

‘व्हॉट’ड आय से’ ही त्यांची १९५९ ची सिंगल पेटीत असेल तर ती दोन्ही बाजू मिळून ऐका. एका नृत्याच्या कार्यक्रमात ठरलेली गाणी संपली आणि वेळ उरला, तेव्हा त्यांनी साथीदारांना आणि मागच्या गायिकांना ‘मी म्हणेन ते म्हणा’ असे सांगून ती जागेवर रचली. ध्वनिमुद्रण एका बाजूत मावेना, म्हणून पहिला भाग एका बाजूला आणि दुसरा भाग मागे घातला. मध्ये तबकडी उलटण्यासाठी उठावे लागते, तो खंड मला आवडतो. दुसऱ्या बाजूवर प्रश्नोत्तरे शब्दांतून निघून नुसत्या हुंकारांवर येतात, आणि तिथे मला आपल्याकडील आकारातल्या, शब्दांविना घेतलेल्या तानांची आठवण होते.

अरीथा फ्रँकलिन यांची १९६७ ची ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’ ही माझी सर्वांत आवडती. वडील डेट्रॉइटमधील नामांकित धर्मोपदेशक, त्यामुळे त्या चर्चमध्ये गातच वाढल्या. आधीच्या कंपनीत काही वर्षे त्यांचा आवाज नेमका कुठे बसतो ते कोणाला उमगले नव्हते. अटलांटिक कंपनीने त्यांना मसल शोल्सला नेले, पियानोवर बसवले आणि तिथे एका दिवसात हे गाणे झाले. त्याच रात्री भांडण होऊन पुढचे काम थांबले, मागच्या बाजूचे ‘डू राइट वुमन’ अर्धवट राहिले आणि ते न्यूयॉर्कमध्ये, बहिणींचा आवाज साथीला घेऊन, पुरे करण्यात आले. हे माहीत नसताना मी ती बाजू कित्येक वर्षे ऐकली आणि सांधा कुठेही जाणवला नाही. आता माहीत असूनही जाणवत नाही. आवाज लावण्याची त्यांची पद्धत विद्यार्थिनींना मी मुद्दाम ऐकवते: स्वर आधी मोकळा, मग त्याला धार, आणि चढावर गेल्यावरही शब्द तुटत नाही.

वागळे इस्टेट यांचा प्रतिसाद

नेरूळच्या ताईंनी कानाने जे निदान केले, ते गणितानेही बरोबर येते. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ आहे, आपल्याकडे ५०. जुन्या प्लेयरची मोटर व्होल्टच्या हिशेबाने नव्हे, तर वारंवारतेच्या हिशेबाने फिरते. ट्रान्सफॉर्मर २३० चे ११० व्होल्ट करतो, पण ५० हर्ट्झचे ६० करीत नाही. त्यामुळे ४५ ला पन्नासने गुणून साठने भागले की ३७.५ येतात. आपल्या मामांच्या घरी ही तबकडी इतकी वर्षे मिनिटाला सुमारे साडेसदतीस फेऱ्यांनीच फिरत आली आहे.

खात्री करण्यासाठी काही उपकरण नको. लेबलच्या कडेला कागदाचा लहानसा तुकडा ठेवा आणि घड्याळ लावून एका मिनिटात किती फेरे होतात ते मोजा. दुसरी खूण म्हणजे लेबलवर छापलेली गाण्याची लांबी. दर मिनिटामागे बारा सेकंद जास्त लागत असतील, तर हाच दोष.

उपाय आहे. आत मोटरच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांची पुली असते आणि तिला टेकलेले रबरी चाक थाळी फिरवते. पुलीचा व्यास १.२ पट केला की वेग बरोबर येतो, म्हणजे एखादी पायरी ५ मिलिमीटर असेल तर ती ६ हवी. मूळ पुली घासू नका, कोरू नका. ती छोट्या स्क्रूने बसवलेली असेल तर काढता येईल आणि तिच्या मापावरून नवी पितळी पुली लेथवर करून घेता येईल. आमच्या भागात अशी कामे करणारे कारागीर अजून आहेत. व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या उपकरणाने) तीन ठिकाणी माप घ्या, कारण दांड्यात थोडा वाक असला तरी आवाज लहरू लागतो. ६० हर्ट्झची मोटर ५० वर जास्त तापते, म्हणून एका बैठकीत अर्ध्या तासाहून अधिक चालवू नये आणि ट्रान्सफॉर्मरमधून १०० व्होल्टचा टॅप (वेगळी जोडणी) मिळत असेल तर तो वापरावा. उघडण्यापूर्वी प्लग काढलेला असावा, हे वेगळे सांगायला नको.

तबकड्यांविषयी एक महत्त्वाची सूचना. त्या काळातील सगळ्याच अमेरिकन सिंगल विनाइलच्या नाहीत. काही कारखाने पॉलिस्टायरीन साच्यात ओतून त्या करीत. अशी तबकडी हलकी आणि ताठ असते, टिचकी मारली तर कोरडा आवाज येतो आणि लेबल वरून चिकटवलेले दिसते. तिचे चर (सुई ज्यांतून फिरते त्या खाचा) बोथट झालेल्या सुईने फार लवकर झिजतात आणि एकदा खरखर आली की ती कायमची. म्हणून मामांच्या प्लेयरची सुई आधी बदला, मगच काही वाजवा. पॉलिस्टायरीनवर स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका. डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य साबणाचा एक थेंब आणि मऊ कापड, एवढे पुरे. लेबल भिजू देऊ नका.

ठाण्याच्या पावसाळ्यात कागदी पाकिटांना बुरशी धरते आणि ती चरांत उतरते. तबकड्या उभ्या ठेवा, पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका आणि जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा. मामांच्या अक्षरातली पाकिटे वेगळी जपून तबकड्यांना नवी पाकिटे द्यावीत असे मी सुचवीन.

चरईकर (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. पंधरा दिवसांनी उत्तर देतो आहे, कारण आधी काम पुरे करायचे होते.

फेरे मोजले, सदतीस आणि थोडे वर आले. हार्मोनियमवर षड्ज पांढरी तीनवर सापडला. वागळे इस्टेटमधील एका वयस्कर कारागिरांनी पितळी पुली करून दिली, जुनी कशासाठी आहे ते विचारले आणि ऐकून घेतल्यावर मजुरी कमी केली. सुई नवी बसवली. आता कागदाचा तुकडा मिनिटाला पंचेचाळीस वेळा समोरून जातो.

मग ‘डॉक ऑफ द बे’ची थोडी माहिती काढली. ओटिस रेडिंग यांनी हे गाणे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी, सॉसलिटो येथे एका तरंगत्या घरात राहत असताना लिहायला घेतले, गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांच्यासोबत पुरे केले आणि १९६७ च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रणाचे काम संपवल्यावर तीनच दिवसांनी विमान अपघातात ते गेले. वय २६. लाटांचा आणि समुद्रपक्ष्यांचा आवाज क्रॉपर यांनी घातला. मामांच्या पाकिटावर पेन्सिलीने ‘ओकलंड’ लिहिले आहे. ते त्याच उपसागराच्या दुसऱ्या काठावर आहे.

आईला समोर बसवून गाणे लावले. तिने शेवटच्या शिट्टीपर्यंत एक शब्द काढला नाही. मग म्हणाली, ‘हा तर तरुण मुलगा आहे रे. मला वाटायचं, कोणी दादासारखा दमून आलेला माणूस गातोय.’ मागाहून तिने सांगितले की, बोटीवरून सुटीवर आले की मामा रात्री जेवणानंतर हे गाणे लावून खिडकीत उभे राहत.

वाशीकर काका, दुसऱ्या बाजू ऐकायला सुरुवात केली आहे. आपली ‘ग्रीन अनियन्स’ स्टॅक्स लेबलची निघाली. ‘आय’ड रॅदर गो ब्लाइंड’ सलग चार वेळा ऐकले, आणि ‘टेल मामा’पेक्षा ती बाजू स्पष्टपणे जास्त झिजलेली आहे, म्हणजे मामांनाही तीच आवडत असावी. नेरूळच्या ताई, ‘व्हॉट’ड आय से’ पेटीत आहे, पण पॉलिस्टायरीनची निघाली, त्यामुळे ती सांभाळून, नव्या सुईनेच लावतो आहे.

जुनी पुली मी स्क्रूसह एका डबीत घालून पेटीतच ठेवली आहे. काल आईने विचारले की, एखाद्या रविवारी ते गाणे दादाच्या वेगात पुन्हा ऐकता येईल का. पुली बदलायला दहा मिनिटे लागतात.